खाडीकडची भिंत

भीमाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कुणाला तरी रागावत होत्या. पांढरं लुगडं, काखेत काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल. पनवेलच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या त्या बायबलबाई होत्या. म्हणजे घरोघरी आणि आसपासच्या पाड्यांवर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजारी माणसाशेजारी बसायचं, आणि शाळेवर देखरेख ठेवायची. मंडळीत घरं तेरा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. बाकीचे रविवार भीमाबाईच चालवत.

त्या मूळच्या नगरकडच्या. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला. तेव्हापासून शास्त्र आणि छत्री. मी चोपन्न साली व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन शाळेत शिकवायला आले तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढं होत्या. मला म्हणाल्या, "मालू, पोरांना मारायचं नाही. पण पोरांना वाटलं पाहिजे की आता मारतील." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा जीव होता संदेष्ट्यांवर. शुभवर्तमान त्या वाचत, पण आमोस, यशया, यिर्मया काढले की आवाज चढायचा. आमोस संदेष्टा सुरुवातीला एकेका शेजारी राज्याचं नाव घेतो. दिमिष्काचा हा अपराध, गज्जाचा तो, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, आणि प्रत्येकावर देवाची आग. भीमाबाई हा भाग अशा वाचायच्या की रोडपालीच्या आगरी बायका भाताचं पाखडणं सोडून ऐकत बसत. मग बाई आपली यादी जोडत. अमक्या आळीतला दारूचा अड्डा, तमक्या सावकाराचं माप, देवरुषी, जुगार. "देव सोडत नाही!" असं म्हणून पुस्तक मिटायच्या. मवाबाच्या पुढं त्या कधी गेल्याचं मला आठवत नाही.

शाळेशेजारी इस्राईल तळ्याच्या वाटेवर मिलकाबाई राहायच्या. त्या बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तोंडाने फटकळ. एकदा कुंपणापलीकडून ऐकून म्हणाल्या, "काय हो भीमाबाई, मवाबपाशीच का थांबता? पुढचं पान आमचं आहे."

"तेच तर. तुमच्या लोकांनी ऐकलं नाही."

"नाही ऐकलं. पण त्या शिव्या आमच्या नबींनी आम्हाला घातल्या, आणि आम्ही त्या जपून ठेवल्या. तुम्ही आमच्या शिव्या उचलून लोकांच्या दारात टाकता. स्वतःच्या काही आहेत की नाही?"

भीमाबाईंनी छत्री उघडली आणि ऊन नसताना डोक्यावर धरून निघून गेल्या. पुढं दोघींचं कोंबड्यांवरून बिनसलं आणि बोलणंच बंद झालं.

आता भिंतीचं सांगते.

शाळेच्या दोन खोल्या होत्या. मोठीत धाकटी मुलं बसायची आणि रविवारी तिथंच प्रार्थना व्हायची. छप्पर लाकडी खांबांवर होतं. खाडीच्या बाजूला नुसती कुडाची आड होती. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात तिथं दगडी भिंत घालायचं ठरलं. मिशनचे सुपरिटेंडंट साहेब जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहायला येणार होते. काम बघायचं भीमाबाईंनी. गवंडी बुधाजी, रोडपालीचा. सुट्टीत मी गावी गेले होते, म्हणून पुढचं मी नंतर ऐकलेलं आहे, बाईंच्या स्वतःच्या तोंडून.

भिंत गुडघाभर आली तेव्हा वैशाख निम्मा झाला होता. गाढी नदीवरून रेती आणणारा गाडीवाला लग्नसराईत अडकला. बुधाजी थांबतो म्हणाला. बाईंनी बंदराकडून खाडीची रेती टाकून घेतली. बुधाजीने चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकला, आणि चिमूटभर बाईंपुढं धरली.

"चाखा, बाय. खारी हाय. गोड्या पान्यान चार येला धुवाय होवी. नायतर चुना धरनार नाय."

विहीर तळाला गेली होती. प्यायचं पाणी रांगेत उभं राहून मिळत होतं. बाई म्हणाल्या, "मला रेती चाखायला लावतोस? साहेब यायला वीस दिवस राहिलेत. घाल तशीच."

"भिंत दगा देल."

"देवाचं घर आहे, बुधाजी. देव राखील."

त्याने घातली. साहेब आले, भिंतीवर हात फिरवला, बाईंचं नाव काढून गेले.

पावसाळा सरला आणि भिंतीवर लोणा फुटला. आधी पांढरी भुकटी, मग गिलाव्याचे पोपडे. हात लावला की ओला. धर्मराजदादा आमच्या मंडळीचे पंच, टपाल कचेरीत कारकून होते. ते एका रविवारी भिंत बघून म्हणाले, "बुधाजीने फसवलं वाटतं आपल्याला?"

भीमाबाई गप्प राहिल्या.

एवढंच. त्या खोटं बोलल्या नाहीत. गप्प राहिल्या. पण धर्मराजदादा टपाल कचेरीत बसणारे. पंधरा दिवसांत गावभर झालं की बुधाजीच्या भिंतीला घाम येतो. त्याचं ठरलेलं एक घराचं काम दुसऱ्या गवंड्याला गेलं, मग आणखी एक. बायको भामा खाडीवर कालवं काढायला जाऊ लागली. नाताळच्या आधी बाईंनी भिंतीला चुन्याचे दोन हात मारून घेतले. पांढरीशुभ्र दिसली. यहेज्केल संदेष्टा कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना म्हणतो, पाऊस येईल आणि ती कोसळेल; ते त्यांना पाठ होतं. त्या वर्षी त्यांनी यहेज्केल उघडला नाही, हे आत्ता लिहिताना माझ्या ध्यानात येतंय.

आणि त्याच हिवाळ्यात गोदूचं झालं. गोदूची चार वर्षांची रंभा तापाने फणफणली, औषध लागू पडेना, म्हणून गोदूने देवरुष्याकडून दोरा आणून मुलीच्या दंडाला बांधला. मंडळीची शिस्त म्हणून एक रीत आहे. चुकलेल्या माणसाने काही महिने प्रभुभोजन घ्यायचं नाही. त्याने यायचं, मागं बसायचं, भाकर आणि प्याला इतरांकडं जाताना बघायचा. भीमाबाईंनी हट्ट धरून गोदूला सहा महिने बसवलं. पाळकसाहेब तीन म्हणत होते. बाई म्हणाल्या, "देवाची शिक्षा ही प्रीतीच असते." गोदू खाली मान घालून रडली. मला तेव्हा वाटलं होतं, शब्द खरा आहे, पण बाईंच्या तोंडात तो दगडासारखा का लागतोय?

छप्पनच्या श्रावणात भिंतीला पोट आलं.

आधी मला कळलंच नाही. मला एवढंच दिसलं की बाई रोज सकाळी मुलं यायच्या आत मोठ्या खोलीत जातात आणि भिंतीला गाल लावून एका बाजूने बघतात. मग एक दिवस म्हणाल्या, "मालू, पोरांची बस्करं अलीकडं घे."

"का हो? आधीच दाटी आहे."

"तिकडून ओल येते. सर्दी होईल."

आठवड्याने आणखी अलीकडं. मुलं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी झाली. रंभाला भिंतीकडची जागा आवडायची, कारण तिथल्या पोपड्यांत तिला हत्ती-घोडे दिसायचे. ती सरकत सरकत परत तिथं जायची, आणि भीमाबाई शेजारच्या खोलीतून धावत येऊन तिला दंडाला धरून उचलायच्या. पोरगी भोकाड पसरायची. मी म्हटलं, "बाई, एवढं काय?" त्यांनी तिला पार दारापाशी नेऊन बसवलं.

मग मीही जाऊन भिंतीला गाल लावला. मधोमध ती आत आली होती, भाकरी फुगते तशी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी त्यांना विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, रेतीपासून.

"मग कळवू या की मिशनला."

"कळवलं की शाळा बंद. सरकारी शाळेत आपली किती पोरं टिकतील? आणि माझं..." त्यांची राहती खोलीही मिशनचीच होती. "पाऊस सरू दे. वाळली की घट्ट होईल."

"नाही झाली तर?"

"मालू, तू गप्प राहा."

मी गप्प राहिले. तीन आठवडे. बाईंचं सांगताना माझंही सांगितलं पाहिजे. वर्गात पाटी पडली तरी मी भिंतीकडं बघायची.

भाद्रपदात बेने इस्राईलांचा दार फाळणीचा सण येतो. त्या दिवशी कडक उपास, पांढरे कपडे आणि दारं बंद. वर्षभराचे अपराध देवापुढं ठेवायचे. त्या वर्षी सण शनिवारी होता. शुक्रवारी दुपारी मिलकाबाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"भीमाबाई, तुमच्या कोंबडीला मीच दगड मारला होता. वर मांजराचं नाव घेतलं. माफ करा."

भीमाबाई बघतच राहिल्या. "आत्ता काय त्याचं?"

"उद्या सण. देवाशी केलेलं देव मिटवतो. शेजारणीशी केलेलं शेजारणीच्याच दारात जाऊन मिटवावं लागतं, तिथं देव मध्ये पडत नाही. चला, लवकर म्हणा, मला स्वयंपाक आटपायचाय."

"केलं माफ."

"आणि कोंबडी चोरटीच होती, तेही लक्षात असू द्या," असं म्हणून त्या गेल्या.

भीमाबाई उंबऱ्यावर बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. मी चहा ठेवला, तो निवला. शेवटी म्हणाल्या, "उद्याची सकाळची शाळा नाही. निरोप धाड."

शनिवारी त्या पावसातून रोडपालीला गेल्या. मी बरोबर होते. बुधाजी ओट्यावर कोंबड्यांची पाटी विणत बसला होता. भामाने बसायला घोंगडं टाकलं, पण बाई उभ्याच राहिल्या.

"बुधाजी, रेतीचं मी केलं आणि नाव तुझं झालं. मी ऐकलं आणि गप्प बसले. मला माफ कर."

त्याने पाटीची काडी ओवून घट्ट केली. मग म्हणाला, "माफी हितं मांगताव, बाय. हितं आपून चौघं. हितं समद्यांनाच ठावं हाय का मी काय बोललू हुतू. गप बसलाव तुमी पनवेलान. मंग सांगा पनवेलान."

भामा आतून म्हणाली, "आनि कालवं काढून माज्या बोटांची सालटी ग्येली, त्ये पन सांगा."

भीमाबाईंनी मान हलवली. "उद्या ये. ओळंबा घेऊन ये."

परतताना त्या एकदाच बोलल्या. "त्याने गावाचं नाव घेतलं गं. पनवेल म्हणाला." का कोण जाणे, त्या शब्दाने त्या फार घाबरल्या होत्या.

रविवारी पाऊस थांबला नव्हता. तरी माणसं आली, पोरांसकट, आणि सवयीने पसरून बसली. गोदू आणि रंभा भिंतीला टेकून. भीमाबाई पुढं आल्या. वाटलं होतं आधी त्यांना उठवतील, पण त्यांनी शास्त्र उघडलं. आमोस. दिमिष्क, गज्जा, सोर. धर्मराजदादा मान डोलवत होते. मवाब झाला. बाई थांबल्या. पान उलटलं. यहूदा, मग इस्राएल, देवाची स्वतःची माणसं. गरिबाला जोड्याच्या मोलाने विकलं म्हणून त्यांच्यावरही तोच न्याय, एक बोटभर कमी नाही. आवाज चढला नाही, उतरत गेला.

मग म्हणाल्या, "यानंतर पनवेलची मंडळी. पण ते आत नको. सगळे उठा आणि बाहेर चला. पोरांना आधी. गोदू, रंभेला उचल. ऊठ म्हणते ना!"

कुणाला काही कळेना. "पाऊस आहे, बाई!" "काय झालं, साप निघाला का?" धर्मराजदादा हातात गीतांचं पुस्तक धरून पागोळीखाली उभे. बाई सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या. बुधाजी व्हरांड्यात वाट बघत उभा होता. तो एकटा आत गेला, स्टुलावर चढला, ओळंब्याचा लाकडी गट्टू भिंतीला वर टेकवला आणि पितळी गोळा सोडला. आम्ही दारा-खिडक्यांतून बघत होतो. दोरी मधोमध भिंतीवर टेकली, आणि तिथून खाली गोळा भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत राहिला. कुणी तरी "देवा!" म्हटलं.

पावसात उभ्या राहून भीमाबाईंनी सगळं सांगितलं. रेती, विहीर, साहेब, चुना. बुधाजीचं नाव घेऊन सांगितलं. भामाची बोटंही सांगितली.

धर्मराजदादांनी घसा साफ केला. "बाई, तुमचं वय, तुमची सेवा... असू द्या. शिस्तीचं नंतर बघू."

मागून गोदू म्हणाली, "माझं तेव्हाच बघितलं होतं."

भीमाबाई तिच्याकडं वळल्या. "तुझे सहा महिने होते ना? मी भिंत पोराबाळांवर झुकत ठेवली. तू पोर वाचावं म्हणून दोरा बांधला होतास. तुला मी जास्त दिले, गोदू. ते परत घेता येत नाहीत."

गोदूने पदराने रंभेचं डोकं पुसलं आणि घरी गेली.

पुढं जे व्हायचं ते झालं. मिशनचं पत्र आलं. शाळा दिवाळीपर्यंत बंद, बाईंचं काम काढून घेतलं, खोली तूर्त राहू द्यावी. "तूर्त" या शब्दावर त्या रोज बोट ठेवायच्या. पाळकसाहेबांनी शिस्तीचे चार महिने दिले, बाईंनी सहा मागून घेतले. सात मुलं सरकारी शाळेत गेली, त्यांतली तीन पुढं शाळेतच गेली नाहीत. हे लिहिताना मला अजून बरं वाटत नाही. खरं बोललं म्हणून सगळं सुरळीत झालं, असं इथं झालेलं नाही. आपण संदेष्ट्यांचं वचन काढतो तेव्हा बहुतेक शेजाऱ्यासाठी काढतो, आज दहा वर्षांनीही. ते आपल्या ओसरीत आलं की काय काय मोडतं, ते मी पाहिलं आहे.

पाऊस सरल्यावर बुधाजी भिंत पाडायला आला. भीमाबाई पहाटेपासून तिथं. वरचे थर हातानेच निघत होते, मधला चुना ओल्या पिठासारखा. बुधाजीने दगड काढायचा, बाईंनी तो मांडीवर घेऊन विळ्याने खरवडायचा, मी रचायचा. दोन दिवसांत भिंत मांडीपर्यंत आली, मग गुडघ्यापर्यंत. तिथं बुधाजी थांबला. ओळंबा लावला. पहारीने एक दगड हलवून पाहिला. हलेना.

"झाला," तो म्हणाला.

"का थांबलास? पाड सगळी."

"कशापायी? ह्यो गुडगाभर नदीच्या रेतीचा हाय. ओळंब्यान हाय. हितून वर चढवाची."

"नको. पायापासून पाड. मला काही शिल्लक नको आहे त्यातलं." त्यांनी पहार उचलली. त्यांना ती पेलेना. "पाड म्हणते ना!"

"बाय," बुधाजीने पहार त्यांच्या हातून काढून घेतली, "वाकडी पाडताव ती सरळ कराला. रागापायी सरळ पन पाडली, तं त्यो गवंडी कसला?"

मला वाटलं बाई आता चिडतील. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुढं होऊन हात धरला. आठवडाभर त्या जेवल्या नव्हत्या नीट. सगळं जाणार, आपण धरून सगळं, हे त्यांनी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं, आणि त्या भीतीत निदान एक खात्री तरी होती. आता तीही गेली. त्या हळूच त्या गुडघाभर भिंतीवर बसल्या. बुधाजीने खाली बसून दगडांचे जोड बोटाने साफ केले.

"मालू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "देव शेष राखून ठेवीन म्हणतो, मोडतानाही थोडं वाचवून. शास्त्रात जागोजाग आहे. मी ते घाईने वाचायची."

बाहेर गाडीवाल्याने नदीची रेती ओतली. बुधाजीने चुना भिजत घातला होता, त्याने वळून पाहिलं.

"बसलाव काय, बाय? पानी आना. इहिरीला हाय आता."

भीमाबाई उठल्या. हंडा उचलला आणि विहिरीकडं निघाल्या, नेहमीपेक्षा जरा भरभर.